मशीनच्या तोंडाचा फोटो

दवाखान्यातले मेश्रामबाबू म्हणाले, "गोविंदराव, हात गेलेली नवीन माणसं येतात आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. तुम्ही चार पानं लिहून द्या, आम्ही वाचून दाखवू." मी म्हटलं, मी चौथी पास, अन् तीही उजव्या हातानं. हे डाव्या हातानं लिहिलेलं आहे. अक्षर कोंबडी चालल्यासारखं आहे. लिहायला बसलो की भाषा मास्तरची येते, माणसं बोलायला लागली की आमची येते. असू द्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्हाला तिथं कोणी ना कोणी म्हणेल, झालं गेलं विसरा, राग सोडा, म्हणजे जखम लवकर भरते. माझी जखम दीड महिन्यात भरली. रागाला अकरा वर्षं झाली, तो आहे तसा आहे. दोन्हींचा काही संबंध नाही. राग सोडायची घाई करू नका. कामाला लावा.

सूर बदलला

माझं गाव अल्लीपूरच्या पलीकडं. गावात पहिला थ्रेशर दादारावानं आणला. आडनाव लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे तेवढं पुरे. त्याआधी आम्ही बैलांच्या पायाखाली गहू मळत होतो. मशीन आली आणि पंधरा दिवसांचं काम एका दिवसावर आलं. लोक बघायला येत. दादाराव खुर्ची टाकून बसे.

मशीनच्या तोंडाशी पत्र्याची पन्हाळ असते. पेंढी तिच्यावर ठेवायची आणि आत सारायची. आत ड्रम फिरतो, त्याला लोखंडी दाते. नवी मशीन आली तेव्हा पन्हाळ चांगली हातभर लांब होती. ती गोठ्याच्या दारातून आत जाईना. दाराची चौकट दगडी, बापाच्या हातची, ती फोडायची नाही म्हणून दादारावानं पन्हाळच कापली. वीतभर ठेवली. चौकट वाचली.

त्या दिवशी मी तोंडाशी उभा होतो. पेंढी ओली होती, अडकली. मी जोर लावला. पेंढीनं हात ओढला की हातानं पेंढी, समजलं नाही. दुखलं नाही. आवाज तेवढा आठवतो. गहू खाताना मशीन एका सुरात बोलते. तिचा सूर जाड झाला.

मला ट्रॉलीत घातलं. माझं डोकं कोणाच्या तरी मांडीवर होतं. डोळे मिटत होते, पण कान उघडे होते, आणि दादारावाचा आवाज मी ओळखला. तो म्हणत होता, "ती लाल झालेली रास येगळी करा. चांगल्यात मिसळू देऊ नका."

अकरा वर्षं मी ते वाक्य रोज एकदा ऐकतो. हिंगणघाटला बांधाबांध केली आणि तिथून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. कोपराच्या खाली चार बोटांच्या रुंदीएवढा हात राहिला, बाकी गेला.

पार्बतीचा सवाल

तिसऱ्या दिवशी बायको, पार्बती, आली. डब्यात ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. भाकर आधीच चुरून आणली होती. ते बघून मला पहिल्यांदा समजलं की माझं काय गेलं.

दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "एक इचारू? रागावू नोका."

"इचार."

"त्या दिवशी घेतली होती काय जी थोडीशी?"

मी तंबाखू खातो. दारूचा थेंब मी लग्नातही घेतला नाही, हे तिला ठाऊक. मी विचारलं, कोण म्हणते. तर दादारावानं पोलीस पाटलाला सांगून लिहून दिलं होतं की गोविंदा पिऊन होता, तोल गेला, मशीनचा दोष नाही. पाटलानं लिहिलं. गावानं ऐकलं. अन् ते ऐकून माझी बायको दहा कोस बसमध्ये उभी राहून मला विचारायला आली.

"तुले काय वाटते?" मी म्हटलं.

"मले काई नाई वाटत. सगळे म्हणून राह्यले, म्हणून इचारलं."

मी डबा सरकवला. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. त्या दोन दिवसांत मी ठरवलं, हात तर येत नाही, पण हे वाक्य मी दादारावाच्याच तोंडून मागं घ्यायला लावीन. गावातल्या किसनाच्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत. तेवढ्यासाठी मी बरा झालो. तुम्हीही काही तरी धरून ठेवा.

नाडा आणि मूठ

दवाखान्यातल्या दिवसांचं काय सांगायचं. सकाळी थर्मामीटर, मग पट्टी, मग ओरडणं. मी ओरडत नव्हतो. शेजारच्या खाटेवरचा म्हणायचा, "गोविंदाजी, वरडा थोडं, मले एकट्याले लाज वाटते."

सगळ्यात वाईट पायजम्याचा नाडा. एका हातानं गाठ बसत नाही. वॉर्डबॉय बांधून देतो म्हणाला तर मी दातांत नाडा धरून अर्धा तास झटलो. चौथ्या दिवशी जमलं. घामानं भिजलो होतो, पण जमलं.

दुसरं म्हणजे मूठ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे होतं, पण कोणी सांगत नाही, लोक वेडा म्हणतील म्हणून. हात नाही, पण त्याची मूठ आहे. माझी मूठ पेंढी धरून आवळलेली होती आणि ती उघडेना. नखं तळव्यात रुतायची. नसलेली नखं, नसलेला तळवा, आणि दुखणं मात्र खरं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. होतं म्हणजे काय? उघडायचं कसं ते सांगा.

तोंड पाहिजे

मेश्रामबाबू दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि फाईलसाठी फोटोही. ऑपरेशननंतर मी गुंगीत असताना त्यांनी निळ्या कपड्यावर माझा थोटा हात ठेवून एक फोटो घेतला होता. महिन्यानं पुन्हा आले. तोच निळा कपडा अंथरला.

मी म्हटलं, "तोंड काऊन नाई घेत?"

"फाईलीत तोंड लागत नाही."

"मंग मी कसायाच्या दुकानात टांगलो होतो काय? तोंड घ्या, नाई तर फोटो नाई."

मेश्रामबाबू भला माणूस. चिडले नाहीत. म्हणाले, "नियम आहे. मला घेता येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "माझा एक जुना डबा कॅमेरा आहे. तुम्हीच का नाही काढत?"

मी हसलो. डबा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरून काचेत बघायचं, आणि दुसऱ्या हातानं खटका दाबायचा. दुसरा हात कुठून आणू?

तो आला तंबाखूमधून.

पट्टीच्या खोलीबाहेर बुधवारी बाकावर रांग असायची. तिथं सेलूकडची तुळसाबाई बसायची. साठीची, नवरा मेलेला, जीभ कात्रीसारखी. तिचा डावा हात थ्रेशरनं घेतला होता, पदरासकट. मी एकदा बाकावर चुन्याची डबी आणि तंबाखू मांडून बसलो होतो, आणि मळायचं कसं हा विचार करत होतो. तंबाखू मळायला तळहात एक लागतो आणि अंगठा दुसरा.

ती म्हणाली, "बघून बघून तंबाखू मळत नसते, बापा. आन तो हात इकडं." आणि माझ्या डाव्या तळहातावर तिच्या उजव्या अंगठ्यानं तंबाखू मळली. अर्धी माझ्या तोंडात, अर्धी तिच्या.

समोर हिंगणघाटचा महादेव बसला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये दोन्ही हातांची बोटं गेलेली. तो म्हणाला, "लगन लागलं म्हणायचं आता."

तुळसाबाई म्हणाली, "तू गप राय. तुयाजवळ तर अंगठाबी नाई."

महिनाभरानंतर पहिल्यांदा मी पोट धरून हसलो. एकाच हातानं धरलं.

कॅमेराही तसाच धरला. माझा डावा हात खालून, तुळसाबाईचा उजवा अंगठा खटक्यावर, आणि महादेव मधे वाकून काचेत बघणारा. तो सांगायचा, "डावीकडं. अजून. श्वास धरा." तिघांना एकदम श्वास धरावा लागायचा, नाही तर फोटो हलायचा. पहिल्या रिळात बाराच्या बारा हलले. मेश्रामबाबूंनी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली धुतले आणि म्हणाले, "भुतांचे फोटो छान आलेत."

दुसऱ्या रिळात एक जमला. महादेवाचा. तोंड आणि दोन्ही थोटे हात, सगळं एका चौकटीत. त्यानं तो घरी नेला नाही. म्हणाला, "इथंच लावा. घरी तोंडच पाह्यतेत, इथं हातच पाह्यतेत. दोन्ही बघणारे तुमीच."

आणि मूठ. तुळसाबाईचा अंगठा खटक्यावर दबायचा तेव्हा तो माझ्या हाताच्या अगदी जवळ असायचा, जिथं माझा उजवा असायला हवा होता तिथं. एका बुधवारी तिचा अंगठा दबला आणि माझी नसलेली मूठ सैल झाली. पुढच्या बुधवारी पुन्हा झाली. कशानं, ते डॉक्टरांना विचारा. मला ठाऊक नाही.

बुधवारची मंडळी

वर्षभरात आम्ही दहा-अकरा जण झालो. जखमा भरल्या तरी बुधवारी येत राहिलो, नव्यांची पट्टी झाली तरी घरी जात नव्हतो. एकमेकांचे फोटो काढायचे, नियम एकच, तोंड पाहिजे. मग तुळसाबाई म्हणाली, "मले त्या मशीनीचा फोटो पायजे. तिनं मले पाह्यलं, मी तिले नीट पाह्यलं नाई."

आम्ही तिघं सेलूकडं गेलो. मशीन बंद होती, पट्टा काढलेला. तुळसाबाई जवळ गेली, तिला उलटी झाली, बाभळीखाली जाऊन बसली. पाणी प्यायली. मग परत आली आणि म्हणाली, "धरा." खटका तिनंच दाबला. नंतरच्या बुधवारी म्हणाली, दीड वर्षानं पहिल्यांदा सलग झोपले.

घरी मात्र कटकट. पार्बती म्हणायची, "त्या बाईसंग गावोगाव फिरता, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोकांनी मला दारुड्या म्हटलं ते तुला चाललं. पुढच्या बुधवारी तिनं तीन भाकरी जास्त बांधून दिल्या. तिघांना पुरतील इतक्या. आमच्यात माफी अशीच मागतात.

सेलूला गेलो त्या दिवशी मी पाहिलं होतं, तिथल्या मशीनची पन्हाळ लांब होती. तुळसाबाईला पदरानं नेलं होतं, हातानं नव्हे. त्या पन्हाळीवर मी माझा डावा हात ठेवला, कोपर काठावर. बोटं दात्यांपासून वीतभर दूर राहिली. महादेव म्हणाला, "गोविंदाजी, असाच ठेवा." कॅमेरा पोत्यांच्या थप्पीवर टेकवून तो फोटो काढला, खटका तुळसाबाईनं दाबला. तेव्हा माझ्या डोक्यात दादारावाचा फोटो तयार झाला.

दादारावाची हौस

दसऱ्याच्या आधी आम्ही माझ्या गावी गेलो. दादाराव ओसरीवर होता. मिशीला तेल, अंगात नवा सदरा.

"गोविंदा, कॅमेरा घेऊन आला म्हणते? शयरातला झाला तू."

"तुमचा फोटो काढतो म्हटलं, मशीनसंग. मोठा करून देतो."

त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. मग हसला. "बरं झालं. झालं गेलं इसरला म्हणायचा. असंच पायजे."

मी मान हलवली. तेवढं मान हलवणं मला हात जाण्यापेक्षा जड गेलं.

मशीन गोठ्याबाहेर ओढली. दादाराव ताठ उभा राहिला, जसा निवडणुकीच्या कागदावर असतो. महादेव काचेत बघत म्हणाला, "असं नाई दादाजी. तुमी मालक. पेंढी सारून राह्यले असं दिसलं पायजे. कोपर इथं टेकवा, हात आत. हां. अन् इकडं बघा, हसा."

दादाराव हसला. आम्ही तिघांनी श्वास धरला. खटका दबला.

मेश्रामबाबूंनी तो फोटो फूटभर मोठा करून दिला. दादारावानं काच लावून ओसरीवर टांगला, देवांच्या रांगेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

आणि त्याच आठवड्यात मी सेलूचा फोटो किसनाच्या चहाच्या टपरीवर खिळ्याला अडकवला. वर काही लिहिलं नाही.

किसन म्हणाला, "कोणाचा हात हाय हा?"

"माझा. उरलेला."

लोक चहा पिता पिता बघायचे. एकानं आधी ओळखलं. म्हणाला, "या फोटोत बोटं दिसून राह्यली. दादाजीच्या फोटोत हात आत गेला तर बोटंच नाईत."

दुसरा म्हणाला, "कशी राह्यतीन? पन्हाळ केवढीशी हाय."

खरंच होतं. ओसरीवरच्या फोटोत दादाराव मिशी पिळून हसतोय आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या वरच संपतो. पुढं मशीनचं काळं तोंड. देवांच्या रांगेत तो माझ्यासारखा थोटा होऊन हसत होता.

मग गंमत सुरू झाली. कोणी ओसरीवर गेला की विचारायचा, "दादाजी, तुमची बोटं कुठं हायेत जी?" पहिल्यांदा त्याला समजलंच नाही. समजलं तेव्हा फोटो उतरला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. शेजारच्या गावच्या लोकांनी सांगून पाठवलं, पन्हाळ लांब करा, मगच मशीन बोलावू. गव्हाच्या मळणीआधी लोहार आला. नवा पत्रा जुन्याला जोडला. गोठ्याची दगडी चौकट फोडावी लागली. ती फुटताना मी समोर उभा होतो. डावा हात कमरेवर ठेवून.

टपरीवर

इथं एक सांगायला पाहिजे, नाही तर मी तुम्हाला फसवीन. ती पन्हाळ कापली तेव्हा दुसऱ्या टोकाला पत्रा मी धरला होता. गावात नवी मशीन, मालकानं नावानं हाक मारली, मला अभिमान वाटला होता. पत्रा हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरला. हे मी अकरा वर्षांत कोणाला सांगितलं नाही. तुळसाबाईलाही नाही.

मग एक दिवस दादाराव माझ्या घरी आला. कधी आला नव्हता. खाटेवर बसला नाही.

"त्या फोटोची निगेटिव्ह दे," म्हणाला. "तू बाजाराबाजारात लावशीन, मले ठाऊक हाय."

"देतो. टपरीवर चला. तिथं म्हणा, गोविंदा त्या दिवशी दारू पेला नव्हता."

"इथं म्हणतो ना. पेला नव्हता."

"इथं मी अन् पार्बतीच हाव. आमाले ठाऊक हाय."

पार्बती चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडं वळली.

तो आला. बाजाराचा दिवस, टपरी भरलेली. चहाचा ग्लास हातात घेतला, त्या ग्लासातच बघत म्हणाला, "गोविंदा त्या दिवशी पेला नव्हता. मीच पाटलाले तसं सांगतलं होतं."

मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील. काही नाही झालं. किसन चहा गाळत होता, गाळता गाळता म्हणाला, "आमाले ठाऊकच होतं जी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. ठाऊकच होतं. सगळ्यांना. मशीन एकच, दिवस मळणीचे, दादारावाशी वाकडं कोण घेणार. माझ्या बायकोला मात्र दहा कोस उभं राहून यावं लागलं.

त्या दिवशी मला समजलं की एका माणसावरचा राग बरा. तो धरता येतो. सगळ्या गावावरचा राग कुठं ठेवायचा? मी टपरीवरचा माझा फोटो खिळ्यावरून काढला आणि पुन्हा तिथंच अडकवला. बघा म्हटलं. अजून बघा.

पाकीट

दादारावाला मी टपरीवरच पाकीट दिलं. त्यानं तिथं उघडलं नाही. लाज वाटली असेल. घरी जाऊन उघडलं असेल, आतलं उजेडापुढं धरलं असेल. त्यात निगेटिव्ह होती, पण त्याच्या फोटोची नव्हती. मेश्रामबाबूंकडून मागून घेतलेली माझी होती. निळ्या कपड्यावरची, पहिली. तोंड नसलेली.

तो पुन्हा मागायला आला नाही. त्यानं माझ्याबद्दल एक खोटं सांगितलं, मी त्याला एक सांगितलं. माझं लहान आहे.

खरी निगेटिव्ह मेश्रामबाबूंच्या कपाटात आहे आणि तिचा फोटो तुमच्या वॉर्डाच्या भिंतीवर आहे. हे वाचून दाखवतील तेव्हा तोही दाखवायला सांगा. मिशीवाल्याकडं बघू नका. पन्हाळ बघा. आणि बुधवारी पट्टीच्या खोलीबाहेर या. चुना माझ्याजवळ असतो. अंगठा तुळसाबाईचा. तुमच्याजवळ जे उरलं असेल ते घेऊन या.